तुझं बोलणं, मोठीआईचं बोलणं

आई, मी एक पुस्तक लिहायला घेतलंय आणि ते तुझ्यापाशी येऊन अडकलंय. तुला आधी हसूच येईल. शाळेत निबंधाचा तास असला की जिच्या पोटात दुखायचं आणि तू जिच्या हातावर चोळलेला ओवा ठेवायचीस, ती मी. आता वाकडला एका सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर लिहिण्याचाच पगार घेते. हे बटण दाबा, ती खिडकी उघडा, असलं लिहिणं. त्यात 'मी' कुठेच नसतो. बहुतेक त्याचाच कंटाळा येऊन मी असं पुस्तक काढलं की ज्यात 'मी'शिवाय दुसरं काही नाही. एक प्रकरण तू सांगतेस, पुढचं मोठीआई सांगते, मग परत तू. चाकणजवळच्या एकत्र घरातून तू, अप्पा आणि मी काळेवाडीच्या दोन खोल्यांत का आलो, एवढंच सांगायचं, पण ते दोघी जावांनी आपापल्या तोंडाने. मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे? त्यानंतर तू जाईपर्यंत तुमचा अबोलाच होता. मी कॉलेजात असताना तू गेलीस, ती आहे. दोघींची बाजू मला पाठ आहे, फक्त कागदावर उतरवायची.

लिहून झालेलं पुण्यातल्या एका संपादकबाईंना वाचायला दिलं. बाई सज्जन आहेत, आधी चहा पाजतात आणि मग मारतात. म्हणाल्या, "छान आहे हो, पण प्रकरणाच्या वर लिहिलेलं हाताने झाकलं तर कोण बोलतंय तेच कळत नाही. दोघींचा सूर एकच आहे." मी म्हटलं, सुधारते. तर म्हणाल्या, "सुधारण्यापेक्षा असं करा, धाकटीचा 'मी' काढूनच टाका. थोरली जिवंत वाटते. धाकटी तिची नक्कल वाटते." धाकटी म्हणजे तू. मी शहाण्यासारखी मान डोलावली, जिना उतरून खाली आले, स्कूटरला किल्ली लावली आणि तिथेच मला रडू आलं. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. तुला ठेवायचं तर तुझा सूर वेगळा करायला हवा, आणि तो मला जमत नाहीये. नाही जमला तर तुझ्याच पुस्तकातून तुला घराबाहेर काढल्यासारखं होतं, तेही दुसऱ्यांदा.

काय काय केलं म्हणून सांगू. आधी तुला मराठवाड्याचं बोलायला लावलं. तू लातूरकडची, अप्पांच्या कंपनीतल्या सोबत्याची बहीण, म्हणून तुझ्या प्रकरणांत सगळीकडे 'करायलंय', 'जायलंय' पेरलं आणि मोठीआईच्या तोंडी 'व्हय' आणि 'न्हाई'. अप्पांना वाचून दाखवलं. ते आता माझ्याकडेच असतात, गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गाड्या बघतात. ऐकून म्हणाले, "ही कोण बाई?" मी म्हटलं, आई. "ती आसं कदी बोलत नव्हती," म्हणाले आणि परत गाड्या बघायला लागले. ते सगळं पुसून टाकलं. मग तुला चिडकी केलं आणि मोठीआईला शांत. दोन प्रकरणांतच तू इतकी कजाग झालीस की मलाच तुझी भीती वाटायला लागली. उलट करून पाहिलं तर तू अशी गरीब गाय झालीस की तू असतीस तर मला चांगला चिमटा काढला असतास. मग तुझी वाक्यं आखूड केली आणि तिची लांब. त्याने तू दम लागल्यासारखी बोलायला लागलीस, मला दवाखान्यातले दिवस आठवले आणि मी लॅपटॉप मिटला.

खरं तर दोन माणसांचं बोलणं एका तोंडाने कसं करायचं हे मी तुझंच बघत मोठी झाले. काळेवाडीचं ते स्वयंपाकघर, ओट्यापुढे एक माणूस उभं राहिलं की दुसऱ्याला जागा नाही. तू भाकरी थापतेस आणि मी दाराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यासाचं सोंग करतेय. तू गावाकडचं भांडण सांगतेस. मोठीआईचं बोलणं आलं की तुझे हात परातीत थांबतात, तुझं स्वतःचं आलं की थापणं परत सुरू. 'बाई अशा म्हणाल्या', 'मी अशी म्हणाले', असलं काही तू सांगायचीसच नाहीस. हात थांबले की मोठीआई, हात चालले की तू, एवढं मला पुरायचं आणि माझा कधी घोटाळा व्हायचा नाही. आवाज बदलायचीस का, हे मात्र आठवायला गेलं की सगळं गढूळ होतं. मी बहुतेक हातच बघत होते. पुस्तकात मी तोही प्रयोग करून पाहिला, मोठीआईच्या प्रकरणांत तिने हाताने काही करायचंच नाही असं ठरवलं. तर ती खाटेवर बसून दिवसभर गप्पा मारणारी बाई निघाली. मोठीआई, आणि बसून! कुणाला खरं वाटेल?

आणि सगळ्याचं मूळ ते एक वाक्य. तू चाकणच्या वायरिंगच्या कंपनीत लागलीस, गाड्यांच्या वायरी जोडून बांधायच्या कामावर. गावातून कंपनीच्या बसमध्ये चढलेली पहिली सून तू. तुझा निळा एप्रन दोरीवर वाळत घातला की आळीतल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून बघून जायच्या. पहिल्या दिवशी घरी आलीस तेव्हा तू कामाचं काहीच सांगितलं नाहीस, कॅन्टीनचं सांगितलंस. कप्प्याकप्प्यांचं ताट असतं, ते नुसतं पुढे करायचं आणि वाढणारा वाढतो. "मला कुणीतरी वाढलं ग," असं तू मला म्हणालीस. मी इतकी लहान होते की यात सांगण्यासारखं काय आहे तेच मला कळलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी चुलीपुढे तुम्ही दोघीच असताना, ते वाक्य बोललं गेलं. "उद्यापासनं एक भाकरी कमी." एवढंच. तू काळेवाडीत सांगायचीस की ते मोठीआई बोलली. कंपनीत जातीस ना, मग तुझी भाकरी या घरात थापायची नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी टोपलीत तुझ्या वाटची भाकरी खरंच नव्हती, तू उपाशी बस पकडलीस आणि रात्री अप्पांना म्हणालीस, खोली बघा. मग आपण टेम्पोत बसलो, मी तुझ्या मांडीवर आणि माझ्या मांडीवर मिसळणाचा डबा. तुझ्या प्रकरणात मी हे तू सांगायचीस तसंच लिहिलंय.

मागच्या आठवड्यात मी मोठीआईकडे गेले. ठरवून गेले होते की तिला वाचून दाखवायचं, पण कोणाचं काय ते सांगायचं नाही. तिला तरी फरक कळतो का बघू. गाव आता तुला ओळखू येणार नाही. शेतांच्या जागी गोदामं उभी आहेत आणि आपल्या गोठ्याच्या जागी मोठीआईने खोल्या काढल्यात, त्यात कंपन्यांमधली बाहेरची पोरं भाड्याने राहतात. मी पोचले तेव्हा ती त्यातल्या एकाला झापत होती, "नळ चालू रखके किदर गया था रे? टाकी तेरा बाप भरेगा क्या?" मला बघितल्यावर त्याच पट्टीत, "आन् तू ग, वाळली किती!" मग मेथीची जुडी सोडून बसली, मला समोर बसवलं आणि म्हणाली, वाच.

मी तुझं एक प्रकरण काढलं, ज्यात फक्त सकाळची कामं आहेत, सडा, गोठा, चुलीवरचं पाणी, दोघींनाही लागू पडेल असं. ती मान हलवत ऐकत होती. मध्येच हसली, मध्येच "व्हय, आसंच" म्हणाली. संपल्यावर काड्या गोळा करत म्हणाली, "समदं बराबर हाय. पर हे मी तुला कवा सांगितलं?"

"हे तुझं नाही, मोठीआई. हे आई बोलतेय."

"तुजी आय?" तिने मेथी खाली ठेवली. "न्हाई ग. हे माजं बोलणं हाय."

मी परत वाचलं. तिला पटेना. मग जरा वेळाने आपणच सांगायला लागली, "ती लगीन हून आली तवा तिचं बोलणं कुनाला कळंना. 'बाई, पाणी तापायलंय' म्हणली, तर आळीतली पोरं तेच म्हणत हिंडली. मग लाजून बोलायचीच न्हाई. मी म्हणलं, माज्यामागनं म्हण. तवापासनं माज्यावानीच बोलाया लागली. पुढं पुढं तर आतनं कोन बोलतंय ते तुज्या आज्जीला बी कळायचं न्हाई. हाक मला मारायची आन् ओ ही द्यायची."

म्हणजे संपादकबाईंचं बरोबरच होतं, फक्त नक्कल मी केलेली नव्हती. आणि तेव्हा मला काळेवाडीतली ती शेजारीण आठवली, निलंग्याची, जी विरजण मागायला यायची. ती तुझ्याशी अगदी तुझ्या माहेरच्यासारखं बोलायची आणि तू तिला मोठीआईच्या बोलीत उत्तर द्यायचीस. एकदा तिने विचारलं, तुम्ही इकडच्याच का? तू सरळ "व्हय" म्हणालीस. मला तेव्हा गंमत वाटली होती, आई खोटं बोलली म्हणून. आता वाटतं, ज्या बाईचं तोंड बघायचं नाही असं तू ठरवलं होतंस, तिचंच बोलणं तू त्या दोन खोल्यांत रोज बोलत होतीस, आणि मी अजून तुझा म्हणून निराळा सूर शोधतेय. तो मी कुठून आणू?

मोठीआईने तव्यावर धपाटं टाकलं होतं, तुमच्या लातूरकडचं. तिच्या माहेरी किंवा आपल्या गावात धपाटी कुणी करत नाही, सगळीकडे थालीपीठ. मी विचारलं, "हे कुणाकडनं शिकलीस ग?" "कुनाकडनं म्हंजी? पैल्यापासनंच करती," म्हणाली, आणि वर लोणी घातलं.

जेवताना मी शेवटी विचारलंच, ते वाक्य तू का बोललीस म्हणून. तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. "मी? मी कशाला बोलीन? ती बोलली. पदर खोचून हुभी व्हती, आन् म्हणली, उद्यापासनं एक भाकरी कमी. एका परातीत पीठ मळलं आमी. आन् हिला कंपनीचं ताट ग्वाड लागलं! मला काय वाटलं आसंल?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? काय बी न्हाई. मी एक भाकरी कमी थापली."

मग तिने माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं आणि विचारलं, यात काय लिहिलंयस? मी सांगितलं, आईच्या प्रकरणात ते तू बोललीस असं आहे, आता तुझ्या प्रकरणात ती बोलली असं लिहीन. "म्हंजी दोगी बी लबाड?" मी म्हटलं, नाही, दोघीही खऱ्या. मला ते फार समजूतदार वाक्य वाटलं होतं. ती भडकलीच. "आसं कुटं आस्तं व्हय? मी हाय, मी भांडीन तुज्याशी. ती काय आता सांगाया येती का, मी आसं म्हणले न्हाई म्हणून? तिच्या तोंडात घालायच्या आदी तिला इचारलंस?" आणि ताट घेऊन आत गेली. म्हणून हे लिहायला बसले, आई. तुला विचारायला.

घरी येऊन आधी अप्पांना विचारून पाहिलं. "मी सेकंड शिफ्टला होतो," म्हणाले. मी म्हटलं, अप्पा, हे सकाळी झालं, सेकंडला तुम्ही दुपारी निघायचात. त्यांनी जरा विचार केला. "मंग झोपलेलो आसंल." या माणसाने संसार कसा केला देव जाणे.

तेव्हापासून मी ते वाक्य तोंडात घोळवतेय. मोठीआईच्या तोंडी घातलं की थोबाडीत बसल्यासारखं वाटतं, तुझ्या तोंडी घातलं की टोमण्यासारखं. आणि परवा आमच्या पोळ्यावाल्या मावशींना मीच सहज म्हणाले, उद्या एक पोळी कमी करा, तेव्हा त्यात काहीच नव्हतं, त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं. तूही तसंच म्हणाली असशील का? आपण कंपनीत जेवतो, तर थोरल्या बाईंचं काम तेवढं हलकं होईल, एवढाच विचार करून? तिला ते झोंबलं, तिने एक कमी थापली, आणि दुसऱ्या दिवशी टोपली बघून तुला वाटलं की हे तिनेच ठरवलं? पण तसं असेल तर तू उपाशी का गेलीस, भाकरी नकोच होती ना तुला? की मोठीआईच रागात बोलून गेली आणि इतक्या वर्षांनी तिला ते आपल्या तोंडचं वाटत नाही? दोघींचे शब्द तेच, हेल तोच. वाक्याच्या सुरावरून माणूस ओळखावं म्हटलं तर तीही सोय तुम्ही ठेवली नाहीत. काळेवाडीत हे सांगताना तुझे हात थांबले होते का, ते मी आठवून आठवून बघतेय. कधी मला ते परातीत थांबलेले दिसतात. कधी तू थापतच असतेस, नेहमीपेक्षा जोरात. मला दोन्ही सारखंच स्पष्ट दिसतं आणि त्याने मी अगदी रडकुंडीला येते.

निदान आवाज तरी नीट ऐकावा म्हणून चुलतभावाच्या लग्नाचं शूटिंग लावलं. हलणारी, बोलणारी तू तेवढ्यातच आहेस. मांडवात कुणीतरी तुम्हा दोघींना शेजारी शेजारी बसवलंय, अबोला असताना. तू कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणतेस आणि मोठीआई पदर तोंडावर घेऊन हसते. काय म्हणालीस ते कळायला मार्ग नाही, कारण शूटिंगवाल्याने वरून सिनेमाची गाणी टाकलीत, अक्षतांपासून पाठवणीपर्यंत. तुझे ओठ हलतात आणि कुणीतरी परका माणूस गातो. मी आवाज कमी करून पाहिला, वाढवून पाहिला, इअरफोन लावले. शेवटी मोठीआईला फोन केला. रागावली असेल असं वाटलं होतं, पण तिला ते लगेच आठवलं. "फोटूवाल्याला म्हणली, आमाला लांब लांब बशीव रं, आमचं भांडान हाय." आणि फोनवरच हसत सुटली. हसता हसता थांबली. "का मीच म्हणले, कुनास ठावं."

सोमवारची वाट न बघता आज मी संपादकबाईंना फोन केला. म्हटलं, धाकटीला काढणार नाही, दोघी राहतील. पुस्तक नाही छापलंत तरी चालेल, असंही म्हणाले. मग म्हणाल्या, "ठीक आहे, ठेवा. पण निदान दोघींचे आवाज वेगळे करून द्या. वाचकाला कळायला नको का?" मी म्हटलं, हो, प्रयत्न करते.

हे मी कुठे पाठवणार, आणि कुणाला वाचूनही दाखवणार नाही, तेव्हा तुला खरं सांगते. प्रयत्न मी करणार नाहीये. तुझा आवाज मला आठवत नाही, आई. कितीतरी वर्षं झाली, आठवत नाही, आणि हे मी अप्पांनासुद्धा सांगितलेलं नाही. तुझं म्हणून जे लिहिलं ते सगळं मोठीआईचं ऐकून लिहिलं, आणि लिहिताना मला वाटत होतं की मला आठवतंय. ती फोनवर "जेवलीस का ग" म्हणते तेव्हा मी लगेच उत्तर देत नाही, जरा थांबते, तेवढा वेळ ती तूही असू शकतेस. तिचा आवाज मला नीट वेगळा ओळखू यायला लागला, तर माझ्याकडे फक्त तिचाच उरेल.